काकवी : ठाणे-नवी मुंबईतील वापर

उसाचा रस आटवताना गूळ होण्याआधीच उतरवून घेतलेला दाट, तांबूस-सोनेरी पाक म्हणजे काकवी. गुऱ्हाळात रसाचे तापमान १०५-१०६ अंश सेल्सिअसपर्यंत गेले की काकवी काढतात. ११८ अंशांच्या आसपास नेला तर तोच रस गूळ धरतो. साखर कारखान्यातली मळी ही निराळी वस्तू. ती साखर काढून घेतल्यावर उरते आणि बहुतेक मद्यार्कासाठी जाते. परदेशी पाककृतीतल्या ‘मोलॅसिस’ला सरसकट काकवी म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

ठाणे-नवी मुंबईत ऊस दिसतो तो रसवंतीवर. काकवी येते घाटावरून. वाशी मार्केटच्या (प्रत्यक्षात ते तुर्भ्यात आहे) माथाडी कामगारांत सातारा-सांगलीकडची कुटुंबे पुष्कळ. कोपरखैरणे-घणसोलीतल्या त्यांच्या घरांत गावाकडून आलेला काकवीचा डबा नवलाचा नाही. भाकरी, काकवी, वर तूप हे तिकडचे खाणे. कोकणी घरांत तीच घावनाबरोबर चालते.

उसाच्या रसातल्या साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो. हे प्रमाण वाढले की गूळ नीट धरत नाही आणि गुऱ्हाळवाला वैतागतो. काकवीला मात्र ते हवेच असते, कारण त्यामुळे तळाशी खडे बसत नाहीत. त्यासाठी उकळताना थोडे सायट्रिक आम्ल घालतात. ही साखर ओल धरून ठेवते, म्हणून काकवी घातलेला केक दोन दिवसांनीही मऊ राहतो. काकवीत पाव भागाहून अधिक पाणी असल्याने मिश्रणातले दूध किंवा पाणी तेवढे कमी करावे. ती किंचित आंबट असते, त्यामुळे खायचा सोडा चांगला फुलतो. उकळत्या दुधात मात्र घालू नये, दूध फाटते. चिक्कीला गूळच घ्यावा. काकवीची चिक्की चिवट होते आणि लवकर चिघळते.

गच्चीवर बाग करणारे जीवामृतात (शेण-गोमूत्र आंबवून केलेले पातळ खत) गुळाऐवजी काकवी वापरतात. जिवाणूंना साखर हवी असते, ती कुठल्या रूपात मिळते याच्याशी त्यांना देणेघेणे नाही.

खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, उघडलेली बाटली फसफसते. ओला चमचा बुडवू नये, बाटली फ्रीजमध्ये ठेवावी. फेस आलेली, आंबूस वासाची काकवी कुंडीच्या कामाची, ताटातली नव्हे. आणि मधुमेह्यांसाठी काकवी ही साखरच.