आधी कान, मग जीभ : वाचा-उपचाराच्या पदवीमागचा इतिहास

बारावीनंतर नीटच्या गुणांवर होणाऱ्या प्रवेशांच्या यादीत एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद असं करत बरंच खाली उतरलं, की फिजिओथेरपीच्या आसपास ‘बीएएसएलपी’ ही आद्याक्षरं दिसतात. बहुतेक पालक तिथे थांबत नाहीत. ‘बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी’ हे तिचं पूर्ण नाव. तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष आंतरवासिता. श्रवण आणि वाचा अशा दोन विद्या या एकाच पदवीत आहेत आणि नावात कान आधी येतो, बोलणं नंतर. हा क्रम सहज पडलेला नाही. अमेरिकेत जिथे हा विषय विद्यापीठात पहिल्यांदा रुजला, तिथे गोष्ट बरोबर उलटी होती. तिथे बोलणं आधी आलं, तेही ज्यांना स्वतःला नीट बोलता येत नव्हतं अशा माणसांमुळे.

बोलण्यातल्या दोषांकडे लक्ष आपल्याकडे फार जुनं आहे. क-च-ट-त-प हे वर्ग आपण पाढ्यांसारखे पाठ करतो, पण तो खरं तर तोंडाचा नकाशा आहे. कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ असे मागून पुढे येत जाणारे उच्चाराचे थांबे त्यात आहेत. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारावरच्या संस्कृत ग्रंथात एक सुंदर दाखला येतो. वाघीण पिलांना दातांत धरून नेते, ती पडतील म्हणून धास्तावलेली आणि दात रुततील म्हणूनही. वर्ण तसे उच्चारावेत. पण ही सारी विद्या मंत्र शुद्ध म्हटला जावा यासाठी होती. ज्याची जीभ अडते त्याचं काय करायचं, याचं उत्तर घराघरांत राहिलं. बाळगुटीत वेखंडाचे वळसे, जिभेला मध, आणि ‘मोठा झाला की सुटेल बोलणं’ हा आजीचा दिलासा. (हा दिलासा पुष्कळदा खराही ठरतो. लहानपणी अडखळणाऱ्या बहुतेक मुलांचं अडखळणं आपोआप जातं. ज्यांचं जात नाही, त्यांची पाच-सात वर्षं मात्र या दिलाशातच निघून जातात.)

युरोपातला इलाज याहून भयंकर होता. १८४१ साली बर्लिनमधला नामांकित शल्यवैद्य योहान डीफेनबाख तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळातून पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून काढत असे. भूल द्यायचं तंत्र तेव्हा आलेलं नव्हतं. दोष जिभेत आहे, तेव्हा जीभ दुरुस्त करा, इतका सरळ तो हिशेब होता. पुढे १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोकाने ‘टॅन’ एवढाच शब्द उरलेल्या एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली. बोलण्याचं बिऱ्हाड जिभेवरून मेंदूत हललं ते तेव्हा. आज पक्षाघातानंतर एखाद्या आजोबांची वाचा जाते आणि डॉक्टर ‘वाचाघात’ हा शब्द वापरतात, त्यामागे ब्रोकाचं ते शवविच्छेदन आहे.

विद्यापीठात हा विषय रुजवणाऱ्यांतला मोठा माणूस मात्र वैद्य नव्हता. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर हा मानसशास्त्रज्ञ पदव्युत्तर विभागाचा प्रमुख होता. त्याने ली एडवर्ड ट्रॅव्हिस या विद्यार्थ्याला मानसशास्त्र, वक्तृत्व आणि वैद्यक या तिन्ही विभागांतून फिरवून तयार केलं. १९२४ मध्ये ट्रॅव्हिसला डॉक्टरेट मिळाली आणि थोड्याच काळात आयोवाचं स्पीच क्लिनिक त्याच्या हाती आलं. १९२५ मध्ये या कामातल्या मूठभर लोकांनी संघटना काढली. आजच्या अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचं ते मूळ.

ट्रॅव्हिसचा सिद्धांत असा : बोलण्याचे स्नायू तोंडाच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यांना हुकूम मेंदूच्या दोन्ही अर्धांतून जातात. एक अर्ध वरचढ असेल तर ताल जुळतो. जन्मजात डावखुऱ्या मुलाला मारूनमुटकून उजव्या हाताने लिहायला लावलं, की वरचढ कोण याचाच घोळ होतो आणि बोलणं अडतं. म्हणून आयोवात तोतऱ्या तरुणांच्या उजव्या हाताला प्लास्टर घालून त्यांना डावखुरं करायचा उद्योग सुरू झाला. आपल्याकडे डाव्या हाताने जेवणाऱ्या पोराच्या हातावर चापट मारणाऱ्या आया त्या काळी आयोवात असत्या, तर ट्रॅव्हिसने त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं असतं. प्लास्टरने कोणी बरं झालं नाही.

पण या क्लिनिकला जी माणसं मिळाली, ती प्लास्टरपेक्षा महत्त्वाची. कॅन्ससमधल्या शेतकरी घरातला वेंडेल जॉन्सन १९२६ साली आयोवात आला तो शिकायला आणि त्याहून जास्त बरं व्हायला. त्याचं तोतरेपण तीव्र होतं. उजव्याचा डावखुरा व्हायचा खटाटोप त्यानेही करून पाहिला. मिशिगनच्या खेड्यातला चार्ल्स व्हॅन रायपर हाही असाच. ज्यांच्यावर प्रयोग व्हायचे तेच पुढे संशोधक आणि प्राध्यापक झाले. रुग्णानेच शाखा उभारावी असं वैद्यकात क्वचित घडतं.

व्हॅन रायपरने आपल्या तरुणपणाचा एक प्रसंग पुढे सांगून ठेवला आहे. बोलावं लागू नये म्हणून तो मुकाबहिरा असल्याचं सोंग घेऊन एका शेतावर राबला होता. तिथून बाहेर पडल्यावर रस्त्यात एका म्हाताऱ्याने त्याला गाडीत घेतलं. याचं बोलणं अडलं तसा म्हातारा हसू लागला. व्हॅन रायपर संतापला. मग कळलं, म्हातारा स्वतः तोतरा होता. आता शब्दाशी झुंजायची ताकद उरली नाही, म्हणून मी आपला सावकाश, सोपं अडखळतो, असं तो म्हणाला. व्हॅन रायपरची सगळी उपचारपद्धती या प्रवासातून निघाली असं म्हटलं तरी चालेल. अडखळणं लपवायचं नाही. अडलेला शब्द थांबून, सैल करून पुन्हा घ्यायचा. पुढचा अवघड शब्द येताना दिसला की आधीच तोंड सैल ठेवायचं. १९३६ मध्ये त्याने मिशिगनमधल्या कालामाझू इथे क्लिनिक काढलं. त्याच्या पायऱ्या आजही शिकवल्या जातात.

जॉन्सन दुसऱ्या वाटेने गेला. त्याचं म्हणणं होतं, तोतरेपणा मुलाच्या तोंडात नव्हे, आईबापांच्या कानात सुरू होतो. प्रत्येक मूल बोलायला शिकताना अडखळतं. घरच्यांनी त्याला ‘तोतरा’ म्हटलं की मूल धास्तावतं आणि खरंच तोतरं होतं. हे तपासण्यासाठी त्याच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने १९३९ मध्ये डॅव्हनपोर्टच्या अनाथालयातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या सहा नीट बोलणाऱ्या मुलांना सांगण्यात आलं, की तुमचं बोलणं बिघडत चाललंय, अडखळायचं थांबवा, येत नसेल तर बोलूच नका. मुलं गप्प झाली, लाजू लागली, शाळेत मागे पडली. त्यांना तोतरी म्हणता येईल असं काही झालं नाही, म्हणजे सिद्धांतही सिद्ध झाला नाही. प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला, जॉन्सन नामवंत होऊन १९६५ मध्ये वारला. २००१ मध्ये सॅन होजेच्या एका वृत्तपत्राने ही हकीकत बाहेर काढली, विद्यापीठाने माफी मागितली आणि २००७ मध्ये आयोवा राज्याने या मुलांच्या वतीने झालेल्या दाव्यात ९ लाख २५ हजार डॉलर भरपाई मान्य केली.

जॉन्सनचा आणखी एक दावा इथे सांगायलाच हवा. अमेरिकेतल्या काही आदिवासी जमातींत तोतरेपणाला शब्दच नाही, म्हणून त्यांच्यात तोतरी माणसंही नाहीत, असं तो १९४४ मध्ये लिहून गेला. १९८३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच भागात जाऊन विचारलं, तेव्हा शब्दही निघाले आणि माणसंही. मराठी माणसाला हे ऐकून हसू यावं. तोतरा, बोबडा, अडखळणं, चाचरणं, त-त-प-प करणं अशी शब्दांची आपल्याकडे ददात कधीच नव्हती. आयाबायांना दोष देणारा हा सिद्धांत मात्र पाठ्यपुस्तकांतून बरीच वर्षं हलला नाही. तो मागे पडला सिडनीत. १९८० च्या दशकापासून मार्क ऑन्सलो आणि सहकाऱ्यांनी ‘लिडकम’ पद्धत बसवली. तिच्यात आईवडीलच रोज थोडा वेळ मुलाशी बोलतात, सुरळीत वाक्याला शाबासकी देतात आणि अधूनमधून अडखळल्याचंही हळुवारपणे सांगतात. जॉन्सनने जे करू नका म्हणून बजावलं, नेमकं तेच. आणि छोट्या मुलांत त्याचा गुण येतो. पुढे २०१० मध्ये पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून तोतरेपणाशी निगडित जनुकातले बदलही सापडले. आई सुटली म्हणायची.

आता कानाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या आवाजाने कान गेलेले हजारो सैनिक अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांत आले. त्यांना सांभाळायला माणसं घेतली ती वाचा-उपचाराच्या विभागांतून. ऑडिओलॉजीचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात, तो रेमंड कारहार्ट मुळात बोलण्याच्याच विषयात डॉक्टरेट केलेला. म्हणजे तिथे जिभेच्या विद्येच्या पोटी कानाची विद्या जन्मली.

भारतात दोन्ही एकाच वेळी उतरल्या, पण उतरल्या त्या बहिरेपणाच्या अंगणात. मुंबईत १८८० च्या दशकातच मूकबधिरांची शाळा निघालेली होती आणि ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही, हीच बोलण्याच्या अडचणीची सर्वमान्य व्याख्या होती. ‘मूकबधिर’ हा जोडशब्दच पाहा ना. १९६० च्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि मैसूरमध्ये शिक्षण सुरू झालं. मैसूरची संस्था ९ ऑगस्ट १९६५ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या नावात ‘लोगोपेडिक्स’ म्हणजे वाचा-उपचारच होता. पुढच्याच वर्षी ती ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग झाली. मैसूरच्या मानसगंगोत्री परिसरातली ही संस्था आजही या विषयाची काशी समजली जाते. ९ ऑगस्टलाच, पण १९८३ मध्ये, मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला राष्ट्रीय संस्था निघाली. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आणि त्यापुढे फक्त ‘श्रवण अपंग’. नावात ‘वाचा’ यायला तीस-एक वर्षं लागली.

हा केवळ पाटीचा मामला नाही. कानाला मोजमाप आहे. इतके डेसिबल, इतकं यंत्र, इतकी किंमत. ऑडिओलॉजिस्टकडे दाखवायला आलेख असतो, विकायला श्रवणयंत्र असतं. बोलण्याच्या उपचाराला एक खोली, दोन खुर्च्या, चित्रांची कार्डं आणि कित्येक महिन्यांचा धीर लागतो. त्यामुळे एकाच पदवीतून बाहेर पडलेल्या मुलांना कान जास्त खेचतो, यात त्यांचा दोष मी तरी धरणार नाही.

बोलण्याच्या बाजूला आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे भाषा. कान तपासायला यंत्रातून निघणारा शुद्ध स्वर पुरतो. बोलणं तपासायचं तर त्या मुलाची भाषा हवी. चार आणि चमचा यांतले दोन वेगळे ‘च’, ‘ळ’ आणि ‘ण’, बाळ आणि बाल यांतला फरक इंग्रजी चाचणीत कुठून येणार? कुठल्या वयापर्यंत ‘र’चा ‘ल’ होणं चालतं, ‘काका’ला ‘ताता’ म्हणणं कधी काळजीचं, याची मराठी पट्टी मराठी मुलांवरच बसवावी लागते. शिवाय कोल्हापूरच्या, नागपूरच्या आणि मालवणच्या मुलाची मराठी एक नाही. ग्रामीण मुलाच्या ‘पानी’ला उच्चारदोष ठरवून मोकळं होणारा थेरपिस्ट त्या मुलाचं नुकसानच करतो.

मदत हवी असलेल्याने जायचं कुठे, तर याचं पहिलं उत्तर अजूनही शिकवणाऱ्या संस्थाच आहेत. नायर, वांद्र्याची संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ अशा ठिकाणी विद्यार्थी अध्यापकांच्या नजरेखाली उपचार करतात, आणि खाजगी दवाखान्यापेक्षा तिथे खर्च कमी येतो. दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली मुलं, पक्षाघाताचे रुग्ण, उशिरा बोलणारी आणि स्वमग्न मुलं, तंबाखूच्या कर्करोगाने स्वरयंत्र गमावलेले लोक असे सगळे या एकाच विद्येकडे येतात. पाटीवर ‘स्पीच थेरपिस्ट’ लिहिलेलं असलं तरी भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. १९९२ च्या कायद्याने नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; यातल्या हजार रुपयांनी कोण घाबरणार, हा प्रश्न वेगळा. तोतरेपणापुरतं पाहिलं तर ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’चे स्वमदत गट आहेत. तिथे व्हॅन रायपरच्या म्हाताऱ्याचंच सूत्र चालतं : आधी लपवणं सोडा.

कायद्यात बोलण्याला जागा मिळायला सर्वांत उशीर लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात श्रवणदोष होता, वाचादोष स्वतंत्र नव्हता. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार केले आणि त्यात ‘वाचा व भाषा अपंगत्व’ आलं. त्याची व्याख्या अशी, की स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा वाचाघातासारख्या कारणाने, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या बिघाडातून आलेलं कायमचं अपंगत्व. तोतरेपणाचं नाव तिच्यात नाही. तोंडी परीक्षेत स्वतःचं नाव सांगताना घाम फुटणारा मुलगा या व्याख्येत बसवायचा तर बरीच ओढाताण करावी लागेल. १९२६ साली बरं व्हायला म्हणून आयोवाला निघालेला वेंडेल जॉन्सनही बहुधा तिच्यात बसला नसता.