मांडी हाडासकट घ्यावी की बोनलेस? सबंध मटण भाजणाऱ्या ग्राहकांसाठी

"सबंध मांडी ओव्हनमध्ये करायचीय, हाड काढून देता का?" देतो. पण त्याआधी आम्ही एक विचारतो: रस्सा करणार, की कोरडी भाजणार? सगळं त्यावर ठरतं.

हाडाची चव पाण्यात उतरते. नळी फोडलेली असेल, भांड्यात पाणी असेल आणि हाताशी दीड-दोन तास असतील, तर नळीतला गर आणि सांध्याचे चिवट भाग विरघळून रश्शात येतात. अळणी, म्हणजे मटणाचा बिनतिखटाचा रस्सा, थंड झाल्यावर थरथरते ती त्यामुळेच. कोरडं भाजताना मात्र नळी अखंड असते आणि तिच्या टणक भिंतीतून मांसात फारसं काही झिरपत नाही. त्यामुळे "हाडासकट भाजलं की चव जास्त" हे अर्धंच खरं. हाडालगतचा घास चविष्ट लागतो तो तिथल्या चरबीमुळे आणि पापुद्र्यांमुळे. हाड धरून खाण्याची मजा वेगळी, ती आम्ही नाकारत नाही.

भाजताना हाडाचा खरा परिणाम वेळेवर होतो. हाडातून उष्णता मांसापेक्षा हळू जाते. बाहेरचं मांस तयार झालं तरी हाडाभोवतीचा थर मागे राहतो. म्हणून हाडासकट मांडीला वेळ जास्त लागतो, पण ती घाईनं कोरडीही पडत नाही. बोनलेस लवकर होते आणि दहा-पंधरा मिनिटं जास्त झाली की लगेच चोथा होतो.

परदेशी व्हिडिओ पाहून ते आकडे लावू नका. त्यातला 'रिब रोस्ट' गोमांसाच्या सहाव्या ते बाराव्या बरगडीच्या भागाचा असतो. त्या मांसात चरबीचे बारीक धागे असतात, म्हणून ते आतून ५२-५५ अंशांवर, गुलाबी असतानाच उतरवतात. तिकडचे खाटीक बरगड्या सोडवतात आणि पुन्हा जागेवर ठेवून दोऱ्यानं बांधतात. भाजताना त्यांची आडोशासारखी मदत होते आणि नंतर दोरा कापला की सरळ काप पडतात. ही बांधण्याची युक्ती घेण्यासारखी आहे, तापमान नाही. बोकडाची मांडी कमी चरबीची आणि जास्त धाग्यांची. ५५ अंशांवर ती रबरासारखी लागते. तिच्यातला चिवटपणा ७० च्या पुढे सावकाश विरघळतो. आपल्याकडे बोटांनी तुटेल असं मटण हवं असतं, तर मधोमध ८५ ते ९० अंश गाठावे लागतात, तेही हळूहळू.

घेताना

हाडासकट दीड किलोची मांडी सोडवली की निव्वळ मांस किलोभर निघतं. बाकी हाडं, पापुद्रे आणि एक गाठ. ही गाठ गुडघ्यामागच्या चरबीत असते. करड्या रंगाची, साधारण वालाएवढी. ती राहिली तर भाजताना उग्र वास सुटतो. आम्ही काढूनच देतो, पण दुसरीकडून मांडी आणली तर चरबीत बोट घालून चाचपा.

बोनलेसचा भाव जास्त का, तर हिशेब असा: हाडासकट किलोला ८०० रुपये धरले तर दीड किलोचे १२०० झाले, आणि ते किलोभर मांसावर पडले. हाडं मात्र तुमचीच, ती मागून घ्या. वजन ठरवताना हाडासकट माणशी ३५० ते ४०० ग्रॅम धरा, बोनलेस २५० पुरे.

आणखी एक गोष्ट ओव्हनची. अठ्ठावीस-तीस लिटरच्या ओटीजीत अखंड मांडी बहुतेक वेळा बसत नाही, नळीचं टोक दाराला लागतं. ट्रेची लांबी मोजून आलात तर नळी सांध्यापाशी सोडवून देतो. तिथे सत्तूर मारायला लावू नका, सांध्यात सुरी फिरली की हाड न फुटता सुटतं. सत्तुरानं फोडलेल्या हाडाचे बारीक कण मांसाला चिकटतात आणि दाताखाली येतात. फोडलेलं हाड असेल तर कडा ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

रविवारी सकाळी कापलेलं मटण रश्शाला चालतं, सबंध भाजायला नाही. कापल्यावर काही तासांत मांस आखडतं आणि ते सैल पडायला दिवस जावा लागतो. कापल्या-कापल्या फ्रीजरमध्ये टाकलेलं तर कायमचं चिवट राहतं. म्हणून भाजायच्या मांडीची ऑर्डर दोन दिवस आधी द्या. आम्ही ती एक दिवस थंड्यात टांगून देतो.

मीठ, मसाला, पपई

किलोला १५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे. आदल्या रात्री चोळा. मीठ आत जातं, मसाला जात नाही. दही, आलं-लसूण, काळा मसाला हे सगळं वरच्या थरातच राहतं, मग ते चार तास लावा नाहीतर चोवीस. हाडासकट मांडीला म्हणूनच हाडापर्यंत चिरा देतात: दोन बोटांच्या अंतरावर, धाग्यांना आडव्या. बोनलेसला चिरा नकोत. ती उघडून आतल्या बाजूला मसाला लावा, गुंडाळी करा आणि दर दोन बोटांवर सुती दोऱ्यानं बांधा. प्लास्टिकची सुतळी वितळते. गाठ घट्ट हवी, पण मांस फुगून दोऱ्यात रुतेल इतकी नको.

कच्च्या पपईचं वाटण किलोला एक मोठा चमचा, दोन तास. रात्रभर ठेवली की वरचा थर पिठूळ आणि आतला भाग जसाच्या तसा चिवट. बोनलेसच्या गुंडाळीत पपई घालूच नये.

भाजणं

मांडी अर्धा तास आधी बाहेर काढा. मे महिन्यात तेवढंही नको. ट्रेमध्ये जाड कापलेल्या लाल कांद्याचा थर, त्यावर मांडी, तळाला एक पेला पाणी. फॉइलनं कडा दाबून घट्ट झाका. ओव्हन १६० अंशांवर आधीच तापलेला असावा. दीड किलोच्या हाडासकट मांडीला अडीच ते तीन तास, किलोच्या बांधलेल्या बोनलेसला पावणेदोन ते सव्वादोन. मग फॉइल काढून २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, रंग येईपर्यंत. दह्याचा मसाला लवकर काळा पडतो, शेवटची पाच मिनिटं दारापाशीच थांबा.

थर्मामीटरची सुई सगळ्यात जाड भागात घाला आणि हाडाला टेकवू नका, आकडा खोटा येतो. थर्मामीटर नसेल तर विणायची सुई घुसवा. लोण्यात जावी तशी गेली की झालं. अडली तर परत झाका आणि वीस मिनिटं द्या, आच वाढवू नका. घाईनं वाढवलेली आच बाहेरचं सुकवते आणि आतलं तसंच राहतं.

बोनलेसबाबत एक सावधगिरी. सोडवताना सुरी आणि हात आतपर्यंत गेलेले असतात, म्हणजे जंतूही गुंडाळीच्या मध्यापर्यंत पोचू शकतात. चिरा न दिलेल्या अखंड मांडीत ते बहुतेक वरच असतात. त्यामुळे बोनलेस कोणत्याही परिस्थितीत मध्यापर्यंत पूर्ण शिजवायची.

काढल्यावर वीस मिनिटं सैल झाकून ठेवा. लगेच कापलं तर रस ताटात सांडतो. काप नेहमी धाग्यांना आडवे.

चापेबद्दल थोडक्यात

बोकडाची चाप बोनलेस मागू नका. बरगडीवरचा मांसाचा गोळा दोन बोटांचा असतो, हाड काढलं की हातात काही उरत नाही. कोवळ्या बोकडाची चाप जाड तव्यावर प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं. मोठ्या बोकडाची असेल तर आधी अळणीत शिजवा, मग परता.

हाडांचं काय करायचं

नळ्या फोडून घ्या. हळद, मीठ, आलं-लसूण आणि दीड लिटर पाण्यात उघड्या पातेल्यात मंद आचेवर दोन ते अडीच तास. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, पाणी इथे ९८ अंशांवरच उकळतं, तेव्हा मुंबईच्या पाहुण्यांनी सांगितलेल्या वेळेत थोडी भर घाला. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर चाळीस मिनिटं. हाडं आणि बोनलेस तुकडे एकाच रश्शात हवे असतील तर हाडं आधी वीस मिनिटं होऊ द्या, कुकर उतरवून मग तुकडे घाला आणि पुन्हा बारा-पंधरा मिनिटं. एकदम टाकलं तर हाड उतरेपर्यंत तुकड्यांची दोरी झालेली असते. उरलेली अळणी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन दिवस टिकते.

ऑर्डर देताना चार गोष्टी सांगा: माणसं किती, ट्रेची लांबी, कोरडी की रश्शाची, आणि हाडं फोडून हवीत की अखंड. आखाडातल्या रविवारांसाठी बुधवारपर्यंत कळवा. त्या दिवशी सकाळी मांडी सोडवत बसायला हात मोकळे नसतात.