ब्रेकवर पाय का गेला नाही?

एकाच कुटुंबातली माणसं बसलेली गाडी कड्यावरून कोसळते किंवा पाण्यात जाते. समोर दुसरं वाहन नाही, साक्षीदार नाही. बहुतेक वेळा तो अपघातच असतो. पण काही थोड्या घटनांत चालवणाऱ्याने गाडी मुद्दाम तिकडे नेलेली असते, आणि मागच्या सीटवरच्या मुलांना कुणी काही विचारलेलं नसतं. हा फरक ओळखणं हे तपासातलं अतिशय अवघड काम आहे. चूक कोणत्याही बाजूने झाली, तरी ती भयंकरच ठरते.

रस्त्यावर टायरचे काळे पट्टे नाहीत, म्हणजे ब्रेक मारला नाही, म्हणजे मुद्दाम केलं, असा तर्क बातम्यांत सर्रास दिसतो. तो लंगडा आहे. एबीएस असलेल्या गाडीची चाकं पूर्ण अडकत नाहीत. त्यामुळे करकचून ब्रेक मारला तरी खुणा पुसट उमटतात, कधी दिसतही नाहीत. डुलकी लागलेला, फिट आलेला किंवा शुद्ध हरपलेला चालक ब्रेक मारतच नाही. आणि गोंधळून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबणारा माणूस गाडी थांबावी म्हणूनच पाय आणखी जोरात रोवतो. नोंदीत मात्र त्याने जाणूनबुजून वेग वाढवल्यासारखं दिसतं.

ही नोंद असते एअरबॅगच्या नियंत्रण पेटीत. धडकेपूर्वीच्या 5 सेकंदांतला वेग, ॲक्सिलरेटरची स्थिती आणि ब्रेक दाबला होता की नाही, हे तिथे साधारण दर अर्ध्या सेकंदाला साठवलेलं मिळतं. जुन्या गाड्यांत ही सोय नसे, तेव्हा तज्ज्ञ ब्रेकलाइटच्या बल्बमधली तार सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. धडकेच्या क्षणी दिवा पेटलेला असेल तर तापून मऊ झालेली तार ताणली जाते. थंड तार तशी ताणली जात नाही, फार तर तुटते. बुटाच्या तळव्यावर पेडलच्या रबराची नक्षी उमटली आहे का, हेही पाहतात.

कड्यावरून पडलेल्या गाडीचा वेग तर शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही काढता येतो. 30 मीटर उंचीवरून पडायला सुमारे अडीच सेकंद लागतात. गाडी सरळ आडवी हवेत गेली आणि पायथ्यापासून 30 मीटरवर आदळली, तर कडा सोडताना तिचा वेग ताशी सुमारे 44 किलोमीटर होता. अंतर 60 मीटर असेल, तर वेग ताशी सुमारे 87.

मार्च 2018 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मेंडोसिनो परगण्यात समुद्रालगतच्या महामार्गावरून एक कुटुंब गाडीसह कड्याखाली गेलं. गाडीत दोन माता आणि त्यांनी दत्तक घेतलेली सहा मुलं होती. स्पीडोमीटरचा काटा ताशी 90 मैलांवर अडकलेला सापडला. त्यावरून गाडी भरधाव आली असेल, असंच कुणालाही वाटेल. पण नोंद वेगळं सांगत होती. गाडी कड्यापासून सुमारे 70 फुटांवर पूर्ण थांबली होती आणि तिथून वेग घेत पुढे गेली होती. थांबलेल्या मोठ्या गाडीचा वेग 21 मीटरांत फार तर ताशी 40-50 किलोमीटर होईल, 145 नव्हे. काटा चाकांच्या फिरण्यावरून वेग दाखवतो, आणि जमीन सुटली की मोकळी चाकं गरगरतात. मला या प्रकरणात त्या 90 मैलांपेक्षा ते थांबणं फार बोलकं वाटतं. चालकाच्या झोपेत किंवा फिट आल्यामुळे गेलेली गाडी कड्याच्या अलीकडे थांबून पुन्हा निघत नाही. एप्रिल 2019 मध्ये मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या ज्युरीने एकमताने ही हत्या आणि आत्महत्या असल्याचा निर्णय दिला.

इतकं स्वच्छ चित्र क्वचितच मिळतं. ऑस्ट्रेलियात 2005 साली एका वडिलांची गाडी रस्ता सोडून पाण्यात गेली. तिघे मुलगे बुडाले, वडील बाहेर आले. खोकल्याची उबळ येऊन शुद्ध हरपली, असं त्यांनी सांगितलं. असं होऊ शकतं. वैद्यकशास्त्राला ही अवस्था माहीत आहे. त्यामुळे बराच खल टायरच्या खुणांवर झाला: स्टिअरिंग कुणी फिरवल्याशिवाय गाडी त्या वाटेने गेली असती का? 2007 मध्ये ते दोषी ठरले, अपिलात निकाल रद्द झाला आणि 2010 मध्ये ते पुन्हा दोषी ठरले.

चालकही दगावला असेल, तर शवविच्छेदनाला मर्यादा येतात. हृदयाच्या विद्युत लयीतला बिघाड बऱ्याचदा मागे कसलीच खूण ठेवत नाही. रक्तातली साखर एकदम घसरली होती का, हेही खात्रीने सांगता येत नाही, कारण मृत्यूनंतर साखर तशीही कमी होत जाते. मग माणसाचं शेवटचं आयुष्य तपासतात: घरातले ताणतणाव, फोनवरचे शोध, उपचारांची कागदपत्रं, जवळच्यांचे जबाब. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलिसमध्ये मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली. तिला मानसशास्त्रीय शवविच्छेदन म्हणतात. एक धोका मात्र आहे. दुर्घटनेनंतर मागे वळून पाहिलं की साधं भांडणही इशारा वाटू लागतं. म्हणून गाडीचा पुरावा आधी वाचावा आणि घरच्या गोष्टी नंतर, असं माझं ठाम मत आहे.

त्या दृष्टीने 5 सेकंद फारच तोकडे आहेत. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार ही नोंद 20 सेकंदांची आणि सेकंदाला 10 वेळा व्हायची आहे. पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर घसरला, की गाडी आधी थांबवून मग पुढे नेली, हे त्यात बरंच स्पष्ट दिसू शकेल.