गोव्यात कुटुंब निवृत्तिवेतन: अर्ज कुठे करायचा, कोण पात्र, कोणते कागद हवेत

सरकारी नोकरीतला किंवा निवृत्त झालेला माणूस गेला, की घरी भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास सांगतो, 'पर्वरीला वित्त खात्यात जा, साहेबांना भेट.' सल्ला मनापासूनचा असतो, पण पत्ता चुकलेला असतो. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज पर्वरीच्या सचिवालयात सुरू होत नाही. तो सुरू होतो ती व्यक्ती जिथे काम करत होती त्या कार्यालयात. दुःखाच्या दिवसांत घरच्या बाईला पणजी-पर्वरी अशा फेऱ्या घालाव्या लागू नयेत म्हणून कोण काय करतो ते आधी समजून घ्या.

वित्त खात्याचा कारभार राजकीय पातळीवर वित्तमंत्र्यांकडे असतो. गोव्यात हे खाते अनेकदा मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवले आहे. मनोहर पर्रीकरांनी ठेवले होते, डॉ. प्रमोद सावंतही मुख्यमंत्री म्हणून अर्थसंकल्प स्वतःच मांडतात. प्रशासकीय प्रमुख म्हणजे वित्त सचिव, भारतीय प्रशासकीय सेवेतले अधिकारी. अर्थसंकल्प, खर्चाची मंजुरी, महसूल आणि कर्ज यांच्या फायली त्यांच्या हाताखालच्या शाखांत फिरतात. महागाई भत्ता किती, निवृत्तिवेतनाचे नियम कोणते, हे इथे ठरते. एकेका कुटुंबाची रक्कम मात्र इथे काढली जात नाही.

ते काम लेखा संचालनालयाचे. हे संचालनालय वित्त खात्याच्याच अखत्यारीत येते आणि पणजीत फझेंदा इमारतीत आहे. मडगावातही त्याची शाखा आहे. सिंधुदुर्गातला एखादा नातेवाईक 'आमच्याकडे कागद महालेखापालांकडे जातात' असे सांगेल. महाराष्ट्रापुरते ते खरेच आहे, पण गोव्याचे हिशेब राज्याचे स्वतःचे लेखा संचालनालय ठेवते आणि निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे पीपीओ, तिथूनच निघतो. पर्वरीतल्या महालेखापाल कार्यालयाकडे लेखापरीक्षण असते.

पात्रता

गोव्यात केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांची चौकट वापरली जाते. कर्मचाऱ्याची सलग एक वर्षाची सेवा झालेली असावी. नेमणुकीआधीच्या वैद्यकीय तपासणीत तो पात्र ठरला असेल, तर त्याहून कमी सेवाही चालते. पहिला हक्क पती किंवा पत्नीचा. त्यानंतर मुलांचा: वयाची 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा स्वतःची कमाई सुरू होईपर्यंत, यातले जे आधी होईल तोवर. अविवाहित, विधवा वा घटस्फोटित मुलीला उत्पन्नाच्या अटीवर पंचविशीनंतरही मिळू शकते. अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला आयुष्यभर मिळते. हा हक्क कित्येक घरांना माहीतच नसतो. पती वा पत्नी नाही आणि मुलेही नाहीत, अशा वेळी अवलंबून असलेल्या आईवडिलांचा विचार होतो.

5 ऑगस्ट 2005 रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेले कर्मचारी नव्या अंशदायी योजनेत, म्हणजे कर्मचारी आणि सरकार दोघेही हिस्सा भरतात अशा योजनेत येतात. त्यांच्या कुटुंबाने आधी कार्यालयातून त्या योजनेचे खाते आणि नामनिर्देशन तपासावे.

रकमेचा साधा हिशेब असा. शेवटचा मूळ पगार 50,000 रुपये असेल तर नेहमीचा दर 30 टक्के, म्हणजे 15,000 रुपये आणि वर महागाई भत्ता. सेवेत असताना मृत्यू झाल्यास पहिली 10 वर्षे 50 टक्के दर असतो. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास हा वाढीव दर 7 वर्षे किंवा त्या व्यक्तीची 67 वर्षे झाली असती त्या तारखेपर्यंत, यातले जे आधी येईल तोवर.

कागद

विहित अर्ज, मृत्यूचा दाखला, अर्जदाराचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत, सहीचे किंवा अंगठ्याचे नमुने आणि निवृत्त व्यक्तीचा पीपीओ असल्यास त्याची प्रत. पीपीओवर पती वा पत्नीचे नाव आधीच असेल तर काम बरेच हलके होते.

खरी अडचण येते ती नावांची, आणि गोव्यात ती जरा जास्तच येते. लग्नानंतर बाईचे नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले असते. सर्व्हिस बुकात सासरचे नाव, जन्मनोंदीत माहेरचे, आधारवर तिसरेच काहीतरी. जुन्या पोर्तुगीज नोंदींत 'प्रभू'चे 'पोरोब' झालेले असते, 'नाईक'चे स्पेलिंग 'क्यू'ने लिहिलेले असते. लग्न नोंदणीचा दाखला नागरी निबंधकांकडून काढून घ्या. नाव जोडायला सर्वात भक्कम कागद तोच. तरीही फरक उरलाच तर एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र चालेल का, ते कार्यालयालाच आधी विचारा.

अर्ज कार्यालयप्रमुखाकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कार्यालय सर्व्हिस बुक, कुटुंबाचा तपशील आणि थकबाकी तपासून प्रकरण लेखा संचालनालयाकडे पाठवते. उशीर बहुतेक इथेच होतो: एखाद्या जुन्या बदलीची सेवा पडताळलेली नसते किंवा सरकारी निवासस्थानाचे थकबाकी नसल्याचे पत्र आलेले नसते. म्हणून 'काम कुठवर आले' असे न विचारता 'कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने फाईल पुढे गेली' असे विचारा. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. त्याला 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूची खबर लेखा संचालनालयाला आणि बँकेला ताबडतोब लेखी द्या. त्यानंतरही खात्यात त्यांचे निवृत्तिवेतन जमा होत राहिले तर त्याला हात लावू नका. ते वसूल होते, आणि ती वसुली नव्याने सुरू झालेल्या कुटुंब निवृत्तिवेतनातून होऊ शकते.