अंडी देणाऱ्या बदकाचं अंग बाहेर आलं तर

गाई-म्हशीचं अंग बाहेर येणं मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवं नाही. डॉक्टर येतात, मायांग, म्हणजे बाहेर आलेला गर्भाशयाचा भाग, धुऊन आत सारतात, टाके घालतात, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पुढची काळजी पाठ असते. त्यामुळे शेततळ्याच्या कडेला किंवा अंगणात हौसेनं पाळलेल्या बदकाच्या शेपटीखाली एके सकाळी लालभडक, ओला गोळा लोंबताना दिसला की तोंडी तोच शब्द येतो आणि उपायही तोच सुचतो. धुवा आणि आत ढकला. हा उपाय बरोबर आहे, पण अर्धाच. म्हैस फार तर वर्षातून एकदा विते. बदकाची मादी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा अंडं घालायला बसते, आणि सकाळी महत्प्रयासानं आत बसवलेलं अंग त्या कळांनी पुन्हा बाहेर पडतं. म्हणून हा आजार बरा होणं बोटांच्या कसबापेक्षा पुढचं अंडं किती दिवस लांबवता येतं यावर ठरतं.

पक्ष्यांच्या शेपटीखाली दार एकच असतं. विष्ठा, लघवीऐवजी येणारा युरिक ॲसिडचा पांढरा गाळ, अंडं, सगळं तिथूनच बाहेर येतं. दाराच्या आतल्या पोकळीला शाळेच्या पुस्तकात अवस्कर म्हणतात. तिचे तीन कप्पे असतात. सगळ्यांत आतल्या कप्प्यात आतडं उघडतं, मधल्यात मूत्रवाहिन्या आणि अंडनलिका, आणि तिसरा कप्पा दाराला लागून असतो. अंडनलिका सहसा एकच, डाव्या बाजूची. उजवी नलिका पिल्लू अंड्यात असतानाच वाढायची थांबते.

बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण एक दिवस जातो आणि त्यातले १८ ते २० तास फक्त कवच चढवण्यात जातात. हा हिशेब कोंबडीचा असला तरी बदकाचाही जवळपास तेवढाच. शेवटच्या काही क्षणांत जे घडतं ते पाळणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. मोजा उलटा करावा तसं अंडनलिकेचं टोक दारातून बाहेर उलटतं, त्यातून अंडं सुटतं आणि टोक पुन्हा आत जातं. विष्ठेच्या वाटेला अंड्याचा फारसा स्पर्शच होत नाही, म्हणून ताजं अंडं ओलं पण स्वच्छ निघतं. म्हणजे अंग रोजच बाहेर येतं. घोटाळा होतो तो ते परत आत गेलं नाही की.

ते परत का जात नाही? स्नायू थकतात म्हणून, अंडं फार मोठं होतं म्हणून, चरबीनं आतली जागा अडलेली असते म्हणून, किंवा मादी अजून पुरती वाढायच्या आधीच अंड्यावर आली म्हणून. पण घरगुती पाळण्यात मला सगळ्यांत जास्त संशय येतो तो खाण्यावर. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठी नावाजलेली जात इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये अ‍ॅडेल कॅम्पबेल या बाईंनी १९०० च्या सुमारास तयार केली. चांगली मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. तिचा रानटी पूर्वज मॅलार्ड एका विणीत डझनभर अंडी घालून थांबतो. एवढा कारखाना चालवायचा आणि कच्चा माल म्हणून मूठभर ज्वारी टाकायची, हे गणित बसत नाही.

आकडेच बघा. ७० ग्रॅमच्या अंड्याचं कवच साधारण ७ ग्रॅमचं. त्यात निव्वळ कॅल्शियम अडीच ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असतं २५ ते ३० मिलिग्रॅम. दिवसभरात दीडशे ग्रॅम ज्वारी पोटात गेली तरी ४५ मिलिग्रॅमच्या वर काही मिळत नाही. बाकीचं मादी स्वतःच्या हाडांतून उपसते. अंड्यावर आलेल्या पक्ष्यांच्या लांब हाडांच्या पोकळीत यासाठी कॅल्शियमचा खास साठाच तयार होतो, पण तो रोज भरावा लागतो. साठा आटला की कवच पातळ होतं, आणि स्नायूंचं आकुंचनही कॅल्शियमवरच चालत असल्यामुळे अंडं ढकलणारे स्नायू ढिले पडतात. अंडं अडकतं किंवा बाहेर आलेलं अंग परत जात नाही. उन्हाळ्यात यात भर पडते. पारा ४२-४३ वर गेला की बदक चोच उघडी ठेवून धापा टाकतं, त्यात कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि खाणंही घटतं. त्यामुळे ज्वारी किंवा कणी खाऊ म्हणून द्या, जेवण म्हणून बाजारातलं लेअर फीड, म्हणजे अंड्यावरच्या पाखरांचं तयार खाद्य, ठेवा. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. शिवाय एका वेगळ्या भांड्यात शिंपल्याची भरड ठेवली की मादी गरजेपुरती उचलते. पानाचा चुना मात्र देऊ नका, तो तोंड आणि अन्ननलिका भाजतो.

आता प्रत्यक्ष अंग बाहेर आलेलं असताना काय करायचं ते. पहिलं काम तिला वेगळी करण्याचं, कारण ओला लाल रंग दिसला की कळपातली बाकीची पाखरं, विशेषतः कोंबड्या, तिथेच टोची मारतात आणि साधं दुखणं तासाभरात जीवघेणं होतं. बदकाला पायानं किंवा मानेनं उचलू नये, त्याचे पाय फार नाजूक असतात. पंख अंगाशी दाबून धरून जुन्या टॉवेलात गुंडाळा. मग रंग बघा. लाल किंवा गुलाबी असेल तर वेळ आहे. जांभळा-काळा पडला असेल, सुकून चामड्यासारखा झाला असेल किंवा फाटला असेल तर घरी काही करत बसू नका, ओलं स्वच्छ फडकं लावून थेट दवाखाना गाठा.

धुवायला एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड-दोन सपाट चहाचे चमचे. बदकाच्या अंगाचं तापमान ४१-४२ अंश असतं, त्यामुळे आपल्या कोपराला सुखद कोमट लागणारं पाणी त्याला गरम पडत नाही. काडी, माती, विष्ठा हलक्या हातानं वाहून जाऊ द्या, चोळू नका. गोळा सुजलेला असेल तर त्यावर साखरेचा घट्ट पाक किंवा ओली साखर दहा-पंधरा मिनिटं लावून ठेवा. दाराच्या कड्यात आवळल्यामुळे रक्त परत फिरत नाही आणि पेशींत पाणी साचतं. साखर ते पाणी बाहेर खेचते आणि गोळा लहान होतो. म्हशीच्या बाबतीतही हाच उपाय करतात, तो इथे जसाच्या तसा लागू पडतो.

नंतर साखर धुऊन टाका. आत कडक अंडं लागतंय का ते पोटाच्या खालच्या बाजूनं हलकेच चाचपा. अंडं असेल तर ढकलायचं नाही, तो वेगळा प्रश्न आहे, त्याबद्दल पुढे. नसेल तर हातमोजा घाला, मेडिकलमध्ये मिळणारी पाण्यात विरघळणारी जेली लावा आणि बोटाच्या सपाट बाजूनं मधोमध हळू दाब देत अंग आत सरकवा. नखं, टोक, घाई, काही नको. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं बोट तसंच दारावर धरून ठेवा. खोबरेल तेल हाताशी असतं म्हणून लोक तेच वापरतात, पण तेलानं पिसांचा पाणी न धरण्याचा गुण जातो आणि पुढे ते बदक पाण्यात भिजून गारठतं. मूळव्याधीची मलमंही टाळा. त्यांत बऱ्याचदा बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड असतं, आणि पक्ष्यांना दोन्ही झेपत नाहीत. हळदीची पूड ओल्या पडद्यावर चिकटून खपली धरते, तिचीही गरज नाही. वेदनाशामक म्हणून घरातली गोळी तर अजिबात नको. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन भारतातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

अंग बसलं. आता खरा उपचार सुरू होतो, तो म्हणजे अंधार. पक्ष्यांच्या अंडी देण्याचं वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर चालतं. गंमत म्हणजे हे कळलं तेही बदकांवरूनच. फ्रान्सचे शास्त्रज्ञ जाक बेन्वा यांनी १९३० च्या दशकात दाखवलं, की डोळे काढलेल्या नर बदकांतसुद्धा उजेडानं वृषणं वाढतात. उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी तो ओळखतात. म्हणून टोपली झाकून फटीतून उजेड येत राहिला तर उपयोग नाही. खोलीच अंधारी हवी. १४ ते १६ तास उजेड मिळाला की मादी जोमानं अंडी देते. तो आठ तासांवर आणला की अंडाशय मंदावतं. आपल्याकडे निसर्ग इथे मदत करत नाही, कारण मराठवाड्यात डिसेंबरातला सर्वांत छोटा दिवससुद्धा ११ तासांचा असतो, जूनमधला सव्वातेरा. त्यात कुत्र्या-मांजरांच्या भीतीनं अंगणात रात्रभर जळणारा बल्ब धरला तर बदकासाठी रात्र उरतच नाही. लोडशेडिंगचा फायदा झालेला प्राणी शोधायचा तर तो हाच. सकाळी आठ तास उजेड, खाणं, पाणी, आणि उरलेले सोळा तास शांत अंधार, असं किमान दोन आठवडे चालवा. लगेच थांबणार नाही, कारण एखादं अंडं आधीच नलिकेत असतं. त्या अंड्याच्या वेळी लक्ष ठेवावं लागेल. आणि अंधारी खोली म्हणजे पत्र्याचं बंद शेड नव्हे. मे महिन्यात तिथे बदक उष्माघातानं आधी मरेल. मातीच्या भिंतीची, वारा खेळणारी, गोणपाटानं झाकलेली जागा बरी.

दोनदा आत घालूनही अंग बाहेर आलं तर हट्ट सोडा. डॉक्टर दाराभोवती पिशवीच्या नाडीसारखा एक टाका घालतात, विष्ठेपुरती जागा ठेवून. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात पक्ष्यांची सवय कमी असली तरी हा टाका त्यांना येतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

अंडं अडकलेलं असेल तर चित्र वेगळं दिसतं. मादी पेंग्विनसारखी उभी राहते, शेपूट खालीवर हलवते, कुंथते, खात नाही, विष्ठा थांबते. तिला कोमट पाण्याच्या टबात पोट बुडेल एवढं वीस मिनिटं बसवा, मग शांत अंधारात ठेवा. डॉक्टरांना फोनवर वजन सांगून कॅल्शियमच्या सिरपचं प्रमाण विचारा. संध्याकाळपर्यंत अंडं आलं नाही तर दवाखान्यात न्या. दाबून फोडायचा मोह आवरा, कवचाच्या धारेनं नलिका फाटते आणि बलक पोटात सांडून संसर्ग होतो.

शेपटीखालची पिसं चिकट, पांढरट-पिवळा स्राव आणि आंबूस दुर्गंध, ही अवस्कराच्या सुजेची खूण. अनेकदा त्यामागे बुरशी असते, म्हणून अंदाजानं अँटिबायोटिक दिलं तर ती उलट फोफावते. पिसं कातरा, धुवा, कोरडं करा आणि विष्ठेचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जा.

पावसाळ्यात अशाच घाणीवर माशी बसते. तिच्या अंड्यांतून दिवसभराच्या आत अळ्या निघतात आणि जिवंत मांसात शिरतात. बैलाच्या जखमेत टर्पेंटाइन, फिनेल किंवा डांबरगोळीची पूड घालायची सवय असलेले हात इथेही तेच करू बघतात. दोन किलोच्या पाखराला ते विष आहे, आणि चोचीनं पिसं साफ करताना ते पोटातही जातं. मिठाच्या पाण्याचा जोराचा फवारा मारा, चिमट्यानं एकेक अळी काढा, आणि घडीच्या आतली जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

यातलं बरंच काही स्वच्छ पाण्यानंच टळतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात बदकाला पोहायला तळं द्या म्हणणं उद्धटपणाचं होईल. पण मान आणि पाठ भिजेल एवढा टब रोज बदलणं बहुतेक घरांत जमतं, आणि ते पाणी नंतर लिंबाच्या आळ्यात जातं.

शेवटी नराबद्दल, कारण हौसेनं आणलेली जोडी ही मादीसाठी अनेकदा शिक्षा असते. बदकाच्या नराचं इंद्रिय पिळाचं असतं आणि मादीची नलिका उलट्या दिशेनं पिळलेली, शिवाय तिला आंधळी टोकं, म्हणजे पुढे वाट नसलेले फाटे, असतात. जीवशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ब्रेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे मांडलं. जबरदस्तीच्या मीलनाविरुद्ध मादीच्या शरीरानं घडवलेला हा बचाव मानतात. एका नरामागे पाच-सहा माद्या असाव्यात. एकच मादी असेल तर तिच्या दाराला सतत इजा होत राहते. अंग बसवलेल्या मादीजवळ नराला महिनाभर तरी फिरकू देऊ नका. त्यानंतर सोडलं तरी पहिले काही दिवस रोज संध्याकाळी तिची शेपूट उचलून बघा. औषध चालू असताना आलेली अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही त्याच डॉक्टरांना विचारून ठेवा.