हात हलला की समोरचं हललं?

"फोटो हललाय" या दोन शब्दांनी आपल्याकडे फार घोळ घातला आहे. इथे आयर्लंडमध्ये डब्लिनच्या रस्त्यांवर, विकलोच्या डोंगरात, हाउथच्या धक्क्यावर फोटो काढणारी आपली मंडळी मला फोटो पाठवतात आणि विचारतात, "स्टॅबिलायझेशन (हाताचा थरकाप सावरणारी कॅमेऱ्यातली किंवा लेन्समधली सोय) चालू होतं, तरी हलला कसा?" आता काहीजण त्यासाठी नवी लेन्स घ्यायला निघालेत, म्हणून एकदा नीट लिहितो. हात हलणं वेगळं आणि समोरची वस्तू हलणं वेगळं. मराठीत दोन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो, पण दोन्हींवरचा इलाज एक नाही.

हाताचं तुम्हाला माहीतच आहे. कोपरं अंगाशी धरा, भिंतीला टेका, श्वास सोडून बटण दाबा. 50 मिमी लेन्सला शटर निदान 1/50 ठेवा, म्हणजे ते सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं राहू देऊ नका. चांगलं स्टॅबिलायझेशन असेल तर 1/8 सुद्धा निभावतं. ट्रायपॉड असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा. झालं. फोकस चुकणं हा तिसराच प्रकार. त्यात बहुतेकदा काहीतरी स्पष्ट असतं, फक्त नको ते.

खरी गल्लत पुढे आहे. स्टॅबिलायझेशन फक्त तुमचा हात सावरतं. समोरचा माणूस, सायकल, गवत यांच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. ट्रायपॉडचंही तेच.

मागच्या जूनमध्ये कॉनेमारात एका दगडी गडग्यापाशी बॉग कॉटन फुललं होतं. पाणथळ जमिनीतलं हे गवतासारखं रोप, टोकाला कापसासारखी बोंडं. शटर 1/30, कॅमेरा गडग्यावर घट्ट टेकवलेला. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला, तर दगडांवरचं दगडफूल पाकळी न् पाकळी दिसत होतं आणि बोंडांच्या जागी नुसते पांढरे फराटे. हात अजिबात हलला नव्हता, वारा होता. तिथे 1/500 हवं होतं.

यातच ओळखायची खूण आहे. फोटोत जे हलूच शकत नाही ते शोधा: भिंत, फुटपाथची कड, दुकानाची पाटी, दिव्याचा खांब. तेही फिस्कटलेलं असेल तर हात हलला. ते स्वच्छ आणि माणसंच पुसट असतील तर शटर पुरेसं वेगवान नव्हतं. रात्री डब्लिनमधल्या लिफी नदीच्या काठावर हे फारच सोपं होतं. हात हलला असेल तर पुलावरचा प्रत्येक दिवा सारख्याच आकाराची वेलांटी काढतो. दिवे ठिपक्यासारखे आणि फक्त गाड्यांचे उजेड लांबलेले, तर तुमचा हात निर्दोष आहे.

आयर्लंडमध्ये हे जास्त छळतं, कारण उजेड कमी. डब्लिन 53 अंश उत्तरेला. डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम साडेसात तासांचा, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 13 अंशच वर, आणि त्यावर ढग. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, 400 ठेवलात की शटर सहज 1/60 वर येतं. ग्राफ्टन स्ट्रीटवर वाजवणाऱ्याचा चेहरा त्यात येईल, गिटारवरचा हात नाही. चालणाऱ्या माणसाला 1/250, सायकलवाल्याला 1/500, धक्क्यावरच्या उडत्या सीगलला 1/1000 किंवा त्याहून जास्त. अंगावर येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा जास्त पुसट होतो, आणि जवळचा लांबच्यापेक्षा जास्त.

मग आयएसओ वाढवा! 3200 करा, 6400 करा. आयएसओ 400 च्या वर जायचंच नाही हा फिल्मच्या काळातला धाक अजून लोकांच्या डोक्यात बसलाय, त्याची मला खरंच चीड येते. आयएसओ वाढवल्यावर फोटोत येणारे दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतात, प्रिंटमध्ये तर फारसे दिसतही नाहीत. चालत्या माणसाचा पुसलेला चेहरा मात्र परत नीट आणता येत नाही. ऑटो आयएसओ लावा, त्यात कमीत कमी शटर 1/250 ठरवून द्या आणि दिवसभर विसरून जा.

फोनवाल्यांसाठी एवढंच: नाइट मोड बऱ्याच फ्रेम एकावर एक रचतो. इमारती सुरेख येतात, चालणारी माणसं अर्धवट विरघळतात. माणसं हवी असतील तर तो बंद करा आणि दिव्याखाली उभा असलेला माणूस शोधा.

समोरचं मुद्दाम हलू द्यायचं ठिकाण म्हणजे समुद्र. तिथे ट्रायपॉड हवाच, म्हणजे खडक स्थिर आणि फक्त पाणी वाहतं. पण 30 सेकंदांचं शटर लावून अटलांटिकचं धुकं करू नका. पाणी दुधासारखं दिसतं आणि लाटेचा जोर निघून जातो. मी 1/4 ते 1/2 सेकंदाच्या पुढे जात नाही. लाट खडकावर आपटून मागे ओढली जाते त्या क्षणी बटण दाबलं, की फेसाचे एकेक धागे खडकाच्या खाचांतून उतरताना दिसतात.