बर्फाच्या पाण्यात आधी हात जातात

गोठलेल्या तळ्यात माणूस पडलाय, काठावरून कोणीतरी दोरी फेकली, ती बरोबर त्याच्या हाताशी जाऊन पडली, आता तो धरेल आणि सगळे मिळून ओढून घेतील, असंच वाटतं ना आपल्याला? पण तो धरतच नाही. दोरी दिसतेय, शुद्धीवर आहे, लोक ओरडून सांगतायत तेही ऐकू येतंय, फक्त बोटं मिटत नाहीत. बर्फातून माणसं काढण्याचं जे ट्रेनिंग रेस्क्यूवाल्यांना देतात ते बरंचसं या एका गोष्टीभोवती फिरतं.

13 जानेवारी 1982 ला वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचं एक विमान उडालं आणि लगेचच पुलाला धडकून पोटोमॅक नदीत कोसळलं. मोजकेच लोक शेपटीच्या तुकड्याला धरून तरंगत होते. हेलिकॉप्टर आलं, दोर सोडला, पण एका बाईंच्या हातून तो सुटत राहिला, आणि शेवटी काठावर बघत उभा असलेला लेनी स्कटनिक नावाचा माणूस कोट-बूट काढून थेट पाण्यात गेला आणि त्यांना घेऊन आला. आर्लंड विल्यम्स नावाचे एक प्रवासी तर हातात आलेला दोर दुसऱ्यांकडे देत राहिले आणि स्वतः बुडाले. स्कटनिकला सलामच, पण ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात की असं करायचं नाही, कारण कुत्र्यामागे मालक आणि मालकामागे शेजारी अशी रांगच लागते पाण्यात.

हात का जातात ते बघू. कॅनडाच्या मॅनिटोबा युनिव्हर्सिटीतले गॉर्डन गीसब्रेक्ट, जे स्वतःच कितीतरी वेळा गार पाण्यात उतरलेत आणि ज्यांना लोक प्रोफेसर पॉप्सिकल म्हणतात, त्यांनी एक सोपा हिशोब लोकांपर्यंत पोचवला, 1-10-1. पहिलं 1 मिनिट श्वासाचं. गार पाणी अंगाला लागलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि मग धाप लागते, हे आपल्या हातात नसतं, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथेच संपू शकतो. नंतरची साधारण 10 मिनिटं कामाची, म्हणजे हातपाय सांगितलेलं ऐकतात. आणि शेवटचा 1 म्हणजे 1 तास, शरीराचं आतलं तापमान उतरून शुद्ध हरपेपर्यंत साधारण तेवढा वेळ जातो.

म्हणजे बघा, माणूस गारठून मरायला वेळ लागतो. त्याच्या कितीतरी आधी तो निकामी होतो आणि म्हणून बुडतो. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता ओढून घेतं, शरीर लगेच कातडीकडचं रक्त कमी करतं, हृदय-मेंदू वाचवायला हातपाय सोडून देतं म्हणा ना. आणि गंमत अशी की बोटं मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर ते मनगट या भागात असतात, तो भाग बारीक, त्यामुळे पटकन गार पडतो. खात्री करायची असेल तर बर्फाच्या पाण्यात दोनेक मिनिटं हात घालून मग शर्टाचं बटण लावून बघा.

आता ट्रेनिंग. बर्फ करवतीने कापून मुद्दाम भोक पाडतात, एकजण सूट घालून त्यात बुडालेल्याचं सोंग घेतो. दुसरा, त्याच्याही अंगात तसाच तरंगणारा जाड सूट आणि पाठीला दोर, निघतो. धावत नाही हं. चालतो, मग गुडघ्यांवर येतो, मग सरळ पोटावर झोपून सरपटतो, कारण उभ्या माणसाचं सगळं वजन दोन पावलांवर येतं, आडवा झाला की ते पसरतं. आणि समोरून जायचं नाही! बुडणारा त्याच कडेला कोपरं टेकून असतो, ती कड आधीच कमजोर झालेली, तिच्यावर अजून एकाचं वजन आलं की दोघंही आत. म्हणून बाजूने वळसा घालून, स्वतः पाण्यात उतरून त्याच्या मागे जायचं, काखेखालून पट्टा घालायचा आणि मग काठाकडे हाताने खूण करायची. ओरडून भागत नाही, वाऱ्यात काही कळत नाही. पट्टा हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यात समोरच्याने काहीच धरायचं नसतं.

बाहेर काढलं की सुटलो असंही नाही. पाण्याचा दाब अंगावरून गेला आणि उभं धरून उचललं तर रक्त पायांकडे उतरतं, बीपी कोसळतं, म्हणून जमेल तेवढं आडवंच काढतात. चोळत बसायचं नाही, चालवायचं तर अजिबात नाही. शरीराचं तापमान 28 अंशांच्या आसपास किंवा खाली गेलं असेल तर साध्या धक्क्यानेही हृदयाची लय बिघडू शकते. मला वाटतं शिकवायला सगळ्यात अवघड हेच असणार, एवढ्या घाईच्या कामात हळू वागायचं.

आणि नाडी लागत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही, हेही शिकवतात. मे 1999 मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ स्कीइंग करताना आना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. 80 मिनिटं. त्यातली पहिली 40 तिला हवेची पोकळी मिळाली आणि ती शुद्धीत होती, मग हालचाल थांबली. काढली तेव्हा श्वास नाही, नाडी नाही, शरीराचं तापमान मोजलं ते 13.7 अंश. तरी ट्रोम्सोच्या हॉस्पिटलपर्यंत सीपीआर चालूच ठेवला, तिथे मशीनमधून रक्त फिरवून हळूहळू गरम केलं आणि हृदय परत चालू झालं. मेंदू आधीच इतका गार झाला होता की त्याला ऑक्सिजन फार लागलाच नाही. पुढे तिने त्याच हॉस्पिटलमध्ये रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं, परत स्कीइंगही केलं. मागे राहिली ती मुख्यतः नसांना झालेली इजा, आणि तीही हातांमध्ये.